टाळीचं कबूतर

"आणि मग हे थांबतं कसं?" इनायत उस्तादांनी विचारलं.

"उचललं की थांबतं," निरंजन म्हणाला.

"नाही उचललं तर?"

निरंजनला हसू आलं. लोटण कबूतर कसं थांबतं हे त्याला याच माणसानं शिकवलं होतं, याच अंगणात.

"नाही उचललं तर लोळत राहतं. तुम्हाला मी काय सांगायचं, उस्ताद."

उस्ताद त्याच्या हातातल्या पांढऱ्याशुभ्र कबुतराकडे बघत राहिले. नुकतीच निरंजननं एकदा, एकदाच टाळी वाजवली होती. तेवढ्यावर त्या पाखरानं मान मागे टाकली होती आणि फरशीवर कोलांट्यांमागून कोलांट्या घेत ते पार कोपऱ्यातल्या रांजणापर्यंत गेलं होतं. निरंजननं धावत जाऊन उचललं, डोक्यावर फुंकर घातली, तेव्हा कुठे ते शांत झालं.

"फक्त टाळीवर..." उस्ताद म्हणाले.

"फक्त टाळीवर."

वेरूळच्या डोंगररांगेच्या पायथ्याला एक जुना दर्गा आहे. त्याच्या मागे उस्तादांचं घर. घर लहान, अंगण मोठं, आणि अंगणाच्या एका अंगाला कबुतरांची लाकडी ढाबळ. या घराण्यानं पिढ्यानपिढ्या एकच गोष्ट सांभाळली होती, लोटण. दिसायला साधं पाखरू. मान धरून त्याला दोन हलके झटके द्यायचे आणि जमिनीवर सोडायचं. ते उलटं होतं, पुन्हा उलटं होतं, आणि मालक उचलेपर्यंत तसंच गडबडा लोळत राहतं. दर्ग्यावर येणारे लोक, हिंदू काय आणि मुसलमान काय, म्हणायचे की पाखरू पिराला लोटांगण घालतंय. उरुसात त्याच्याभोवती माणसांचं कडं पडायचं.

निरंजन डहाळे सराफ्यातल्या डहाळ्यांचा मुलगा. शाळेत असल्यापासून तो इथे यायचा. घरच्यांना आवडायचं नाही, तरी यायचा. कबुतरांची जोडी कशी लावायची हे उस्तादांनी त्याला हाताला धरून शिकवलं. पिल्लांमधलं सर्वांत जास्त लोळणारं ठेवायचं, बाकीची वाटून टाकायची. ठेवलेल्याला तशाच ठेवलेल्याशी जोडायचं. बापाला लेकीशी, काकाला पुतणीशी, कबुतरांत चालतं. कधी दोन चांगली चालणारी कबुतरं जोडावीत आणि त्यांच्या पोटी लोळणारं पिल्लू यावं. मग उस्ताद म्हणायचे, दोघांच्याही रक्तात लपलेलं होतं, आज बाहेर आलं. जनुक हा शब्द निरंजनला पुढे कॉलेजात कळला. त्याचा अर्थ त्याला इथेच कळला होता.

त्या घराची एक रीत होती. शागिर्द तयार झाला की उस्ताद त्याला आपल्या बाजेवर उशाच्या बाजूला बसवायचे. बस्स, एवढंच. त्या दिवसापासून तो उस्ताद.

शिकायला पुण्याला निघताना निरंजननं आपण वाढवलेली जोडी उस्तादांपुढे ठेवली होती. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले होते, "अजून नाही."

त्यानंतर निरंजनला डॉक्टरेट मिळाली. परदेशात नाव झालं. स्वतःची प्रयोगशाळा झाली. पण ते दोन शब्द काही त्याच्या घशाखाली उतरले नव्हते. आज थंडीच्या सकाळी तो गाडी घेऊन आला होता तो त्यासाठीच.

उस्तादांनी कबूतर हातात मागून घेतलं. पंख उलगडून पाहिले, छातीचं हाड चाचपलं. मानेमागची पिसं त्यांनी बोटानं बाजूला केली. तिथे पिसं झिजली होती आणि खालून कोवळे कोंब येत होते.

"हे काय?"

"लोळण्यानं. येतात परत."

"हं... केलंस कसं?"

याच प्रश्नाची निरंजन वाट बघत होता. त्यानं सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता तो रंगला.

अंड्यात जीव धरला की काही दिवसांतच त्याच्या रक्तात थोड्या वेगळ्या पेशी फिरू लागतात, असं त्यानं सांगितलं. त्यांच्यातूनच पुढे त्या पाखराचं बीज तयार होतं. अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची आणि त्या रक्ताचा थेंब काढून घ्यायचा. मग प्रयोगशाळेत त्या पेशींतलं एक जनुक नेमकं हेरायचं, जणू लांबलचक पोथीतलं एक अक्षर, आणि तेवढंच कापून बदलायचं. बदललेल्या पेशी दुसऱ्या अंड्यात सोडायच्या, खिडकी बंद करायची. त्यातून निघालेलं पिल्लू साधंच दिसतं. पण त्याच्या पिल्लांत तो बदल उतरतो.

लोटण लोळतं ते नसांमधल्या एका दोषामुळे, हे त्यानं शोधून काढलं होतं. तो दोष त्यानं नुसता शोधला नाही, तर आणखी तीव्र केला. त्याच्या कबुतराला मानेचे झटके लागत नाहीत. आवाज पुरतो.

"तुमच्या घराण्याला जे करायला शंभर वर्षं लागली," तो म्हणाला, "ते मी दोन पिढ्यांत केलं. कबुतरांच्या दोन पिढ्यांत."

उस्ताद ऐकत होते.

"तुम्ही जे जन्माला येईल त्यातून निवडत होता, उस्ताद. काय जन्माला यावं, ते मी निवडलं."

उस्तादांनी कबूतर त्याच्या हातात परत दिलं. मग ते बाजेवरून उठले. वय झालं होतं, उठायला त्यांना वेळ लागला. त्यांनी निरंजनच्या दंडाला धरलं, त्याला बाजेपाशी आणलं आणि उशाच्या बाजूला बसवलं.

स्वतः ते खाली बसले. फरशीवर, त्याच्या पायाशी.

स्वयंपाकघराच्या दारात बिल्कीस उभी होती, उस्तादांची विधवा सून. सासऱ्याला असं जमिनीवर बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिचा हात तोंडावर गेला.

निरंजननं इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि तेही इतकं पटकन, इतक्या सहज. तो उठायला लागला. उस्तादांनी हातानं त्याला खाली बसवलं.

"आजपासून तुम्ही उस्ताद," ते म्हणाले.

"मला अहोजाहो करू नका."

"उस्तादाला कसं अरेतुरे करू... शागिर्दाच्या काही शंका आहेत. विचारू?"

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. निरंजननं पुन्हापुन्हा पाहिलं. खरंच नव्हती. शाळकरी निरंजन जसा त्यांच्याकडे तोंड वर करून बघायचा, तसे ते बघत होते.

"विचारा."

"हे राहतं कुठे?"

निरंजननं सांगितलं. प्रयोगशाळेत त्याच्यासाठी वेगळी खोली आहे. भिंतींना जाड अस्तर आहे, बाहेरचा आवाज आत येत नाही. दाणापाणी घालणारे अनवाणी पायांनी जातात.

"कुणाबरोबर?"

"एकटंच."

"जोडी?"

"लावायची आहे अजून."

"आभाळ गडगडलं तर?"

"त्या खोलीत ऐकू येत नाही."

"आणि इथवर आणलंत कसं?"

निरंजननं बाजेजवळच्या पेटीकडे बोट दाखवलं. काळी, मजबूत पेटी, आतून चहूबाजूंनी जाड फोम लावलेली, हवेसाठी बारीक जाळी. रस्त्यात एका ट्रकनं अगदी खेटून हॉर्न वाजवला तेव्हा पेटीतून धडपड ऐकू आली होती. त्यानं गाडी बाजूला घेऊन कबुतराला हातात धरलं होतं. हे त्यानं सांगितलं नाही.

"दाखवणार कुणाला?"

आता निरंजन पुन्हा मोकळा झाला. पुढच्या महिन्यात मोठी परिषद आहे, देशोदेशीचे शास्त्रज्ञ येणार आहेत, असं तो सांगू लागला. मंचावर हे कबूतर ठेवायचं. काही बोलायचं नाही. सभागृह टाळ्या वाजवील आणि त्याच टाळ्यांनी ते लोळू लागेल.

"लोळताना बघून लोक आणखी टाळ्या वाजवतील," उस्ताद म्हणाले.

"वाजवतीलच."

"मग?"

"मी उचलेन."

"हातात घेतल्यावर टाळ्या ऐकू येत नाहीत त्याला?"

निरंजन थांबला. "येतात. हातात लोळत नाही. थरथरतं फक्त."

"थरथरतं..."

"हो."

उस्तादांनी मान हलवली. काहीतरी नवीन शिकल्यासारखी.

तेवढ्यात स्वयंपाकघरात बिल्कीसच्या हातून पातेल्यावरचं झाकण निसटलं आणि फरशीवर गोल गोल फिरत खणखणलं.

बोलण्याच्या नादात निरंजननं कबूतर बाजेवर, आपल्या शेजारी टेकवलं होतं. झाकणाचा आवाज झाला तसं ते उलटलं आणि बाजेवरून खाली पडलं. पडल्यावरही थांबलं नाही. निरंजननं झडप घालून त्याला धरलं. फुंकर घातली. दोन-तीनदा घातली.

"भांड्यालाही..." बिल्कीस दारातून म्हणाली आणि पुढचं तिनं गिळलं.

"घाबरू नका ताई, काही होत नाही त्याला," निरंजन म्हणाला. त्यानं हसून पाहिलं, पण कोणी हसलं नाही.

बिल्कीसनं पुढे येऊन चहाचे कप ठेवले. प्रत्येक कप ठेवताना तिनं बशीखाली आपली बोटं धरली, आवाज होऊ नये म्हणून. परत जाताना तिनं हातातल्या बांगड्या वर सरकवून मुठीत धरल्या होत्या.

निरंजनला ते बघवलं नाही. त्यानं विषय बदलला. आपलं कबूतर कुठवर आलंय हे उस्तादांना कळायला हवं, तर मूळ वाणाशेजारी ठेवून पाहायला हवं, असं तो म्हणाला. तुमच्या ढाबळीतलं एखादं काढा, अस्सल, त्या जुन्या राखाडी नराच्या वंशातलं.

उस्ताद उठले. ढाबळीच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी एक राखाडी नर काढला. निरंजननं त्याला बघताच ओळखलं. तीच डोक्याची ठेवण, तेच टपोरे डोळे. त्याच्या खापरपणज्याला निरंजननं लहानपणी दाणे भरवले होते.

उस्तादांनी त्याची मान धरली, दोन हलके झटके दिले आणि त्याला फरशीवर सोडलं.

कबूतर उलटलं. एक कोलांटी. दुसरी.

मग ते उभं राहिलं. अंग झाडलं. आणि तुरुतुरु चालत दाण्यांकडे गेलं.

निरंजन बघत राहिला. त्याला वाटलं, झटका नीट बसला नसेल. त्यानं आपलं कबूतर उस्तादांच्या हातात दिलं, स्वतः त्या राखाडी नराला पकडलं, आणि जसं शिकला होता तसंच, अंगठा अगदी त्याच जागी ठेवून, झटके दिले.

दोन कोलांट्या. पाखरू उठून चालू लागलं.

"हे बिघडलंय," निरंजन म्हणाला.

"हो."

"बाकीची?"

"जवळजवळ सगळीच."

"कशानं बिघडली? बाहेरचं रक्त शिरलं? कुणी..."

"मी बिघडवली," उस्ताद म्हणाले. "तुम्ही पुण्याला गेलात तेव्हापासून लागलोय. सोपं नव्हतं."

उस्तादांनी त्याला थोडक्यात सांगितलं. कोणतं पिल्लू लोळून आपणहून उठतं, कोणतं एका कोलांटीनं आधी उठतं, हे ते बघत गेले. उठणाऱ्याला उठणाऱ्याशी जोडत गेले. जी उठत नव्हती त्यांना दाणापाणी घालून अखेरपर्यंत सांभाळलं, पण जोडी दिली नाही. निवडायची पद्धत तीच, बापजाद्यांची. फक्त दुसऱ्या टोकानं.

"पण का?"

"उचलायचा कंटाळा आला."

निरंजनला राग आवरेना. तो काय काय बोलून गेला. अख्ख्या मुलखात इतका शुद्ध वाण दुसरीकडे कुठे उरला नव्हता. तुमच्या आजोबांनी, वडिलांनी जन्म वेचला. तुम्ही एकट्यानं तो मातीत घातला आणि कुणाला विचारलंही नाही. राग नेमका कशाचा, हे त्याचं त्यालाही उमगलं नाही. एवढं खरं की ज्या मापानं तो आयुष्यभर स्वतःला मोजत आला होता ते मापच या म्हाताऱ्यानं हळूहळू, कुणाला न सांगता मोडून टाकलं होतं.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या दोन्ही तळव्यांत पांढरं कबूतर होतं. निरंजनचा आवाज चढत होता तसतसं ते थरथरत होतं, आणि उस्तादांनी आपला अंगरखा त्याच्या डोक्यावर ओढून धरला होता.

निरंजनचं तिकडे लक्ष गेलं. तो गप्प झाला.

"उस्ताद," इनायत उस्ताद त्याला म्हणाले, "एकच शंका राहिली. शेवटची."

"...विचारा."

"हे उडतं का?"

हे मात्र निरंजनला ठाऊक होतं. त्यानं सावरून उत्तर दिलं. पंखांची लांबी, छातीचे स्नायू, हाडांची घडण, सगळं तपासलं आहे. कुठेही दोष नाही. बदल फक्त एका जागी केला आहे, त्याचा पंखांशी काही संबंध नाही. उडायला काहीच अडचण नाही.

"उडवून पाहिलंय?"

"खोलीत कुठे उडवणार?"

"मग इथे उडवा. आभाळ मोकळं आहे."

त्यांनी कबूतर निरंजनच्या पायाशी फरशीवर ठेवलं. ते नीट उभं राहिलं. उन्हाची तिरीप त्याच्या अंगावर पडली होती. त्यानं मान वाकडी करून एका डोळ्यानं वर पाहिलं. आजच्या सकाळपर्यंत त्याच्या डोक्यावर कायम छत होतं.

उस्ताद ढाबळीपाशी गेले आणि त्यांनी वरचं मोठं दार ओढलं.

ढाबळ उघडली की काय होतं हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. निरंजनलाही. सगळी कबुतरं एकदम बाहेर पडतात, आणि वर झेपावताना प्रत्येकाचे पंख एकमेकांवर आपटतात. फट्, फट्, फट्, फट्. अंगणभर टाळ्यांचा नुसता पाऊस पडतो. लहानपणी निरंजनला तो आवाज इतका आवडायचा की तो ऐकायला तो शाळा बुडवून यायचा.

थवा उडाला.

फरशीवरचं पांढरं कबूतर उलटलं.

निरंजनला क्षणभर कळेचना. कोणी टाळी वाजवली नव्हती. त्यानं खरोखरच बिल्कीसकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेले होते.

मग त्याला कळलं. तो धावला, त्यानं कबूतर उचललं, छातीशी धरलं. वरून आणखी काही पाखरं फडफडत गेली आणि प्रत्येक फडफडीला त्याच्या तळव्यात एक हादरा बसत होता.

थवा उंच गेला. दर्ग्याच्या घुमटावरून त्यानं वळण घेतलं. आवाज विरला.

अंगणात शांत झालं.

पांढऱ्या कबुतरानं निरंजनच्या बोटांमधून मान बाहेर काढली. ते वर बघत होतं. थवा वळला की त्याची मानही वळत होती. मग त्यानं पंजे निरंजनच्या तळहातावर रोवले आणि अंग आखडून घेतलं. कबूतर उडायच्या आधी असंच अंग आखडतं, हे निरंजनला माहीत होतं.

त्यानं हात उघडले.

त्यानंतर जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. कबुतरानं पंख पसरले. ते हातभर वर उठलं. आणि पहिल्याच झेपेला त्याचे दोन्ही पंख पाठीवर एकमेकांवर आपटले.

फट्.

त्याची मान मागे गेली. ते हवेतच उलटलं आणि दगडासारखं फरशीवर आदळलं. आदळून लोळू लागलं. लोळताना पंख फरशीवर आपटत होते, त्यांचा आवाज होत होता, आणि तो आवाज ऐकून ते आणखी लोळत होतं.

निरंजन जागचा हलला नाही. त्याला हलताच आलं नाही. त्यानं या पाखराच्या एकेका पिसाचं वजन केलं होतं. त्याच्या रक्तातलं एकेक अक्षर वाचलं होतं. आणि कबूतर स्वतःच टाळी वाजवतं, हे तो विसरला होता. लहानपणभर जो आवाज कानांत भरून घेतला तो त्या मुक्या खोलीत काम करताना एकदाही त्याच्या मनात आला नव्हता.

"उचला ना, भाऊ," बिल्कीस म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, तरी तिनं तो मोठा होऊ दिला नाही.

निरंजन गुडघ्यांवर बसला. त्यानं कबूतर दोन्ही हातांनी धरलं. फुंकर घालायला ओठ पुढे केले, पण त्याच्या तोंडून फुंकर निघेना. श्वासच लागला होता त्याला.

उस्ताद त्याच्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी वाकून कबुतराच्या डोक्यावर फुंकर घातली.

कबुतराचं अंग हळूहळू सैल पडलं.

"बदलता येईल," अखेर निरंजन म्हणाला. "कापलेलं अक्षर पुन्हा जसंच्या तसं घालता येतं. तेच तंत्र, उलट वापरायचं."

"याच्यात?"

"...नाही. याच्या पिल्लांत."

"आणि हे?"

निरंजननं मान खाली घातली. "हे असंच राहणार."

कबूतर चांगलं दहा-पंधरा वर्षं जगतं, हे त्या अंगणात कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

काळी पेटी बाजेजवळ उघडी पडली होती. निरंजन उठून तिच्यापाशी गेला. आतल्या मऊ अस्तरावर पाठ टेकते तिथे एक खड्डा पडला होता, बरोबर कबुतराच्या मापाचा. तो पेटीकडे बघत राहिला. मग त्यानं पायानं तिचं झाकण हळूच, आवाज न करता, मिटवलं आणि कबुतराला हातात घेऊन तसाच बाजेवर बसला. उशाच्या बाजूला नाही. पायथ्याला.

थवा परत यायला लागला होता. एकेक पाखरू पंख आपटत ढाबळीच्या छपरावर उतरत होतं. प्रत्येक वेळी त्याच्या तळव्यातला जीव शहारत होता. निरंजन दर खेपेला बोटं थोडी मिटायचा, थोडी सैल करायचा. चहा तसाच गार झाला. परिषद, मंच, परतीचा रस्ता, यांतलं काहीच त्याच्या तोंडी आलं नाही.

ऊन अंगणाच्या मध्यावर आलं. बिल्कीसनं एका फडक्यावर बाजरीचे दाणे आणून ठेवले. फडक्यावर ठेवले म्हणून त्यांचा आवाज झाला नाही. उस्तादांनी खाली बसून एक दाणा चिमटीत धरला आणि कबुतराच्या चोचीपुढे केला. त्यानं तो घेतला. मग दुसरा घेतला.

"मी आता काय करू, उस्ताद?" निरंजननं विचारलं.

उस्ताद जमिनीवरून उठले, आणि बाजेवर, पायथ्यालाच, त्याच्या शेजारी येऊन टेकले. त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. एकाच ठेवणीत राहून त्याची बोटं पांढरी पडली होती.

"हात अवघडला की सांग, बेटा," ते म्हणाले. "मी धरीन."